दोन सुया आणि कुवेतची बरणी

दमनहूर, इजिप्त, १४ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील आणि हे फाडावं की वाचावं याचा विचार करत बसशील. फाडायचंच असेल तर निदान डबा आधी उघड. खाली मुरवलेलं जुनं चीज आहे, आई करायची तसंच, तिखट जास्त घालून. वर तुपातली पदरी रोटी, आपलं फतीर आहे, ते मऊ आहे तोवर खा. त्याच्या तुपाचे डाग पत्रावर पडले असतील तर माझा नाइलाज आहे.

तुझ्या रीहामच्या लग्नापासून तू मला फोनवर बंद करून ठेवलंयस. दर ईदला मी एकदा नंबर फिरवून बघते. सात वर्षं झाली, तुझा हट्ट काही उतरत नाही आणि माझाही, म्हणून कागदावर लिहितेय. शेजारच्या मदिहाचा नवरा सुट्टी संपवून कुवेतला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवते. डबा घेताना त्याने विचारलं, "डॉक्टरबाई, सुहैर मॅडम तुमच्या कोण लागतात?" मी म्हटलं, "ओळखीच्या आहेत." गल्लीत नवीन आहे बिचारा, त्याला कुठे सगळं सांगत बसू.

तुझ्या मुलीबद्दल लिहायचंय. घाबरू नकोस. गेल्या मंगळवारी सोनोग्राफीच्या खोलीत पडदा सरकवला तर टेबलावर आपली रीहाम. एकाच गावात राहून आम्ही दोघी लग्नकार्यात लांबूनच हात हलवतो, तुला वाईट वाटू नये म्हणून. मला बघून ती उठायलाच लागली. मी म्हटलं, "पड गप." पडली, आणि म्हणाली, "मावशी, तू केस रंगवायचे सोडलेस? म्हातारी दिसतेस." पोरीची जीभ तुझ्यावरच गेलीय.

तिला पुन्हा दिवस गेलेत. चौथी खेप. थोडी अशक्त आहे, आणि मागच्या सिझेरियनच्या टाक्यांच्या जागेकडे जरा लक्ष ठेवायला हवं, म्हणून आमच्या विभागात येते. मी बघतेय. तू तिला फोनवर एवढंच सांग की नीट खा-पी, अंगात ताकद येऊ दे.

तुला कळवायचं नाही अशी शपथ तिने मला घातलीय. मी शपथ मोडत नाहीये, नुसती वाकवतेय. तू फोन केलास तर माझं नाव काढू नकोस.

इनास

दमनहूर, २३ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही पूर्ण लिहिलं नाही. "जरा लक्ष ठेवायला हवं" हे आम्ही डॉक्टर लोक फार सराईतपणे म्हणतो. तुझ्याशी तसं बोलले याचं मला नंतर वाईट वाटलं.

रीहामचा गर्भ चुकीच्या जागी रुजलाय. सिझेरियनचे टाके जिथे आहेत त्या व्रणातच जाऊन बसलाय. तिथे गर्भाशयाची भिंत अगदी पातळ असते. गर्भ वाढू दिला तर ती फाटते, आणि मग रक्त थांबत नाही. अशा वेळी गर्भाशय काढून टाकावं लागतं, तेही बाई वेळेवर टेबलापर्यंत पोचली तर. तुझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. म्हणून हा गर्भ ठेवता येणार नाही. हे मी लिहितेय आणि तू वाचतेयस, दोघींनी एकदम श्वास घेऊ या.

तीन सिझेरियन कशी झाली ते तुला माहीत आहे का? मला तिने आता सांगितलं. पहिलं, डॉक्टरला रमजानात उमऱ्यासाठी मक्केला जायचं होतं म्हणून आधीची तारीख धरून. दुसरं, एकदा झालंय म्हणून. तिसऱ्या वेळी तर कुणी विचारलंही नाही, दवाखान्याने तारीख दिली आणि तुझ्या जावयाने, राफतने, मिठाई सांगून ठेवली. आपल्याकडे आता असंच चालतं. मी नवीन होते तेव्हा व्रणात रुजलेला गर्भ म्हणजे पुस्तकातली गोष्ट होती, आता अशा बायका बाकावर एकमेकींच्या शेजारी बसलेल्या असतात.

यावर औषध एकच. ते पेशींना वाढू देत नाही. वाढायला त्यांना फॉलिक अ‍ॅसिड लागतं आणि हे औषध नेमकी त्याचीच वाट अडवतं. गर्भ उपाशी पडतो आणि हळूहळू विरून जातो. प्रश्न एवढाच की हे औषध द्यायचं कुठून. एक रीत म्हणजे मांडीत साधी सुई. कुठल्याही खेड्यातली नर्स देईल. पण ते अंगभर फिरतं, तोंड येतं, मळमळतं, आणि जिथे पोचायला हवं तिथे त्यातलं थोडंच पोचतं. दुसरी रीत म्हणजे सोनोग्राफीत बघत लांब सुई थेट गर्भाभोवतीच्या पिशवीतच घालायची. औषध नेमक्या जागी जातं, पण मुळात पातळ झालेल्या भिंतीशी खेळ आहे तो. मशीन हवं, कसलेला हात हवा, आणि रक्ताची तयारी हवी.

यातली बरी कुठली, असं तू विचारशील. रीहामनेही विचारलं. मला माहीत नाही, ताई. प्रोफेसर शुक्री आणि मी दोन वर्षं हेच ताडून बघतोय. जिच्या गर्भाचा ठोका अजून दिसत नाही अशी बाई तयार असेल तर बंद पाकीट उघडायचं आणि आत जी सुई लिहिली असेल ती द्यायची. आम्ही मनाने निवडायला गेलो तर धडधाकट बाईला एक आणि दुबळीला दुसरी देऊन बसू, आणि कधीच काही कळणार नाही, म्हणून ही पाकिटं.

रीहाम हसली. म्हणाली, "म्हणजे लहानपणी दुकानातून आणायचो ती नशिबाची पुडी? मला त्यात कायम फुटकी शिट्टी निघायची."

मी म्हटलं, "तू माझी आहेस. तुला पाकीट नको. मी ठरवते."

"बरं, ठरव."

आणि मला ठरवता येईना. प्रोफेसर शुक्री खिडकीबाहेर बघत राहिले, भला माणूस आहे. मी एकदा मांडीकडे झुकायचे, एकदा पिशवीकडे. शेवटी रीहामच म्हणाली, "मावशी, तुला येत नाहीये ना? मग पाकीटच आण. तुझा चेहरा बघवत नाही." मी जन्मभर ज्या पद्धतीची बाजू लोकांपुढे मांडत आले, ती या पोरीने मला शिकवली.

एतेमाद नर्सने पाकीट उघडलं. मांडीची सुई निघाली. परवा दिली. आता गर्भाचं हार्मोन रक्तात उतरत जातंय का ते बघायचं.

घरचं म्हणशील तर राफत मशिदीतल्या शेखला विचारून आला. शेख म्हणाला, "बायकोचा जीव जातोय आणि तू माझ्याकडे काय आलास? दवाखान्यात जा." उम्म राफत, तुझी विहीण, मी घरातून निघाले की धूप फिरवते. वास जिन्यापर्यंत येतो. बिनलग्नाच्या बाईची नजर वाईट, हे तुझं वाक्य तिनेही पाठ केलंय.

हो, ते वाक्य मला आठवतं. लग्नाच्या बोलणीत मी म्हटलं होतं, मुलीला कॉलेज पुरं करू दे. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "स्वतःची चूल पेटली नाही म्हणून माझ्या लेकीच्या चुलीला नजर लावू नकोस." तू कुवेतला शिकवत असताना तिच्या वेण्या मीच घालत होते ना, त्यामुळे ते फार झोंबलं. तेव्हा मी प्रत्येक गोष्ट ठामपणे बोलायचे. मला सगळं माहीत असायचं.

रीहामला मी सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात. केमिस्टकडून आणलेल्या शक्तीच्या गोळ्या तिने माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या. शहाणी आहे.

२८ ऑक्टोबर. पत्र नेणाऱ्याचं विमान पुढे ढकललं, त्यामुळे हे अजून माझ्या पिशवीतच आहे. मधल्या तपासणीत हार्मोन उतरलेलं नाही. पहिल्या दिवसांत असं होतं कधीकधी. आज रात्री तो निघतोय.

इनास

दमनहूर, ३ नोव्हेंबर

ताई,

सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला. "इनास, मी रीहामला गोळ्यांची बरणी पाठवलीय. त्या बंद कर." एवढंच बोलून तू फोन ठेवलास. मी लगेच परत लावला, तू उचलला नाहीस. पुन्हा लावला, तेच. तू शाळेच्या जिन्यात उभी असणार, मागे पोरांचा गलका होता.

माझं दुसरं पत्र तुला आदल्या दिवशी मिळालं असणार. फॉलिक अ‍ॅसिडची ओळ वाचून तू तुझ्या कपाटातली तशीच दुसरी बरणी काढून तिच्यावरचं छापील वाचलं असशील, आणि त्यात तेच सापडलं असेल. आमच्या विभागात चार डॉक्टर डोकं धरून बसले होते. हार्मोन उतरायच्या ऐवजी चढत होतं, आणि प्रोफेसर शुक्री म्हणत होते, "मांडीची सुई फसली, लिहा तसं." आणि ते कोडं गृहविज्ञान शिकवणाऱ्या एका बाईने कुवेतमध्ये बसून सोडवलं. मला हसू आलं.

फोननंतर मी तशीच रीहामच्या घरी गेले. बरणी फ्रिजवर होती, भलीमोठी, विलायती, झाकणावर तुझ्या अक्षरात "रीहामसाठी". माझं पहिलं पत्र मिळालं त्याच आठवड्यात तू ती कुणाबरोबर तरी रवाना केलीस, आणि मी मांडीत सुई देत होते तेव्हा ती विमानात होती.

मी म्हटलं, "तुला गोळ्या बंद सांगितल्या होत्या ना गं?"

"केल्या की बंद. तुझ्यासमोरच टाकल्या."

"मग ह्या?"

"ह्या काय औषधं आहेत का? ह्या आईने पाठवल्यात."

ताई, यात तिची चूक काढायला जागा नाही. केमिस्ट देतो ते औषध, आखातातून घरच्यांनी पाठवलं ते सामान. आपल्याकडे कुणाला विचार, हेच सांगेल. पुढे ती म्हणाली, "एरवी सामान येतं त्यात मुलांचे कपडे, राफतला अत्तर, सासूबाईंना शाल. माझं नाव घातलेलं पहिल्यांदाच आलं. म्हणून मी दोन-दोन घेत होते. आईला बरं वाटेल."

उम्म राफत मध्येच म्हणाली, "डॉक्टरबाई, गोळ्या नकोत तर नकोत, पण मी तिला रोज कलेजी भरवतेय, ती तरी चालते ना?" मी म्हटलं, "कलेजीतही तेच असतं, तीही थोडे दिवस राहू दे." तिने कपाळाला हात लावला. "या बाईला दुसऱ्याचं जेवणसुद्धा बघवत नाही," असं ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या हळू.

आता जे लिहायचं ते टाळत होते. आज सकाळी सोनोग्राफीत ठोका दिसला.

रीहाम मान वळवून बघत होती. "मावशी, ते लुकलुकतंय ते काय आहे?" मी पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हटलं, "मशीन आहे, असंच करतं." ती म्हणाली, "मला तीन मुलं आहेत. ते काय असतं मला कळतं." मग बराच वेळ तिने डोळे मिटून घेतले. उठताना विचारलं, "त्याला सुईने दुखेल?" एवढ्या लहान जिवाला अजून दुखणं कळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि मी तसं सांगितलं.

आता पाकिटाचा प्रश्न उरलेला नाही. ठोका दिसल्यावर मांडीच्या सुईवर भरवसा ठेवता येत नाही. परवा पिशवीत सुई घालायची. आधी ठोका थांबवायचं औषध, मग तेच पहिलं औषध नेमक्या जागी. गर्भ आता मोठा झालाय, रक्त जाण्याची भीतीही वाढलीय. गर्भाशय वाचेल असं मला वाटतं. वाटतं, एवढंच लिहू शकते.

तुझ्यामुळे झालं असं मी लिहीत नाहीये. माझं पहिलं पत्र काढून बघ. "नीट खा-पी, अंगात ताकद येऊ दे" असं सांग म्हणून कुणी लिहिलं होतं? मी तुला अर्धं सांगितलं आणि तू त्या अर्ध्यावर आई करेल तेच केलंस.

ये असं म्हणत नाही. तुझ्या परीक्षा चालू असतील.

इनास

दमनहूर, ५ नोव्हेंबर, संध्याकाळ

ताई,

आता या आठवड्यात कुवेतला जाणारं आणखी कुणी नाही. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो काढून पाठवतेय. फोनवर बोटांनी टाइप करायला गेले तर मला रडू येतं, लिहिताना येत नाही.

सुई झाली. प्रोफेसर शुक्रींनी घातली. नात्यातल्याने करायचं नाही असा आमचा नियम आहे, पण रीहाम अडून बसली, "मावशी खोलीत नसेल तर मी घरी जाते." मग मी सोनोग्राफीचा दांडा धरला. एक हात दांड्यावर, एक मशीनवर, आणि डोळे पडद्यावरून हलवायचे नाहीत. सुईचं टोक पिशवीत गेलेलं मी सांगायचं, मग औषध सोडायचं. मी "आहे" म्हटलं. थोड्या वेळात ते लुकलुकणं मंदावलं आणि थांबलं. मी "थांबलं" म्हटलं, तेही कामाचाच भाग होता.

रीहामने हात पुढे केला होता. माझे दोन्ही हात गुंतलेले. एतेमादने तिचा हात घेतला आणि तिला स्वतःच्या नवऱ्याच्या कागाळ्या सांगत बसली. तो हात तुझ्या हातात असायला हवा होता.

दुपारी रक्त जायला लागलं. बरंच गेलं. आम्ही रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आणि ऑपरेशनची खोली तयार ठेवली. सही घ्यायची होती, गर्भाशय काढावं लागलं तर म्हणून. राफतने पेन हातात धरलं आणि तसाच उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "सही कर, बाळा, सही केली म्हणजे काढतोच असं नाही." कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातले त्याचे सगळे हमाल रक्त द्यायला आले होते, कपड्यांवर भुशाची पूड तशीच. उम्म राफत नमाजाच्या मुसल्ल्यावर बसली होती. मी जवळून गेले तेव्हा तिने माझा कोट धरला. म्हणाली, "पोरी, मी धूप फिरवायचे ते तुझ्यासाठी नव्हतं हां." खोटं बोलत होती, पण मला ते खोटं फार आवडलं.

आता रक्त कमी झालंय. थांबलं असं अजून म्हणवत नाही. सही केलेला कागद माझ्या खिशात आहे.

मागच्या पत्रात मी ये म्हणत नाही असं लिहिलं होतं. आता म्हणते. ये.

फोटो गेला. पोचल्याच्या दोन खुणा उमटल्यात, ताई. तू मला उघडलंस.

इनास

दमनहूर, २० जानेवारी

ताई,

आता फोन चालू आहे, रोज सकाळी तू मला गुलाबाच्या चित्रांचे निरोप पाठवतेस, तरी मी पत्र लिहितेय. तू येऊन कुवेतला परत गेलीस त्याला पाच आठवडे झाले, आणि स्वयंपाकघरात तू जे विचारलंस त्याचं पुरतं उत्तर मी दिलं नव्हतं.

रीहामचं हार्मोन शेवटी पार उतरलं. डिसेंबरभर ते इंचाइंचाने खाली येत होतं, त्यातलं अर्धं तू इथे असतानाच पाहिलंस. परवाच्या सोनोग्राफीत व्रणाची जागा मोकळी आहे. गर्भाशय आहे तिथेच आहे. सही केलेला कागद मी फाडला. ती कॉलेजचा विषय काढतेय. मी काही म्हटलेलं नाही, अल्लाची शपथ, तिने स्वतःहून काढलाय.

तर ते स्वयंपाकघर. आपण रीहामच्या ओट्यापाशी बसून कोबीच्या पानांत भात भरत होतो. माझ्या गुंडाळ्या बघून तू म्हणालीस, "इतक्या घट्ट करू नकोस, शिजताना फुटतील." मी म्हटलं, "तुझ्या सैल आहेत, पातेल्यात खीर होईल." सात वर्षांनंतर आपण याच्यावरून भांडत होतो याचा मला केवढा आनंद झाला होता, तुला कळलं नसेल. आणि मग पानावरून नजर न उचलता तू विचारलंस, "इनास, खरं सांग. माझ्या गोळ्यांनी झालं ना हे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"तू डॉक्टर आहेस."

"म्हणून तर म्हणतेय माहीत नाही."

तू तीन-चार पानं भरलीस. मग म्हणालीस, "रीहामच्या लग्नाच्या वेळी तुला सगळं माहीत होतं."

"होतं."

"बरोबर बोलत होतीस तेव्हा. पण ऐकवत नव्हतीस. आता बरी वाटतेस."

तुला वाटलं असेल मी तुला जपण्यासाठी तसं म्हटलं. आता सावकाश सांगते. बरणीतून एकही गोळी निघाली नसती तरी मांडीची सुई काही बायकांना लागू पडत नाही, हे आमच्याच आकड्यांत आहे. त्या गोळ्यांनी औषधाची वाट सोपी केली नाही, हेही खरं. दोन्हींतलं रीहामच्या पोटात किती कशाने झालं हे सांगायला आणखी एक रीहाम हवी, जिच्या आईने काही पाठवलेलं नाही. अशी रीहाम नाही, ताई. तशी मला नकोही आहे. माहीत नाही हे माझं खरं उत्तर आहे, आणि तुझ्यावर माया आहे हे वेगळं. त्या दिवशी ओट्यापाशी दोन्ही एकाच वाक्यात बसली, इतकंच.

दोन सुयांचा हिशेब आता लागला. पिशवीतली सुई लवकर काम करते, तिच्यानंतर दुसऱ्या सुईची गरज कमी पडते. मांडीतली उशिरा करते, फसतेही जास्त. पण कालव्याच्या पलीकडच्या खेड्यातल्या बाईला मशीन कोण देणार आणि कसलेला हात कुठून आणणार? तिला लवकर ओळखलं तर मांडीतली सुई पुष्कळदा तारून नेते. तेव्हा कुठली बरी, याला अजूनही माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. प्रोफेसर शुक्रींना ते फार खुपतं, त्यांना शोधनिबंधाला शीर्षक हवंय.

रीहामचं नाव दोन सुयांच्या तक्त्यातून गाळावं असं त्यांचं म्हणणं होतं. "ही केस खराब झाली, डॉक्टर इनास, बाईने गोळ्या खाल्ल्या." मी म्हटलं, "सर, आपल्या बायका दवाखान्यातून घरीच जातात. तिथे सासू कलेजी भरवते, आई कुवेतहून बरणी पाठवते. औषध या घरात द्यायचंय. प्रयोगशाळेत टिकतं आणि या घरात टिकत नाही, तर तेच आधी लिहायला हवं." ते दोन दिवस रुसले आणि मग त्यांनी नाव ठेवलं. पुढे लिहिलंय, उपचाराच्या काळात फॉलिक अ‍ॅसिड घेतलं. कुणी पाठवलं याला रकाना नाही, आणि मी तो मागितलाही नाही.

बरणी एतेमादकडे आहे. धुऊन तिच्यात कापूस ठेवते. आणि आता सुई देण्याआधी ती प्रत्येक बाईला तीन गोष्टी विचारते: रक्तगट कुठला, शेवटची पाळी कधी, आणि आखातात तुझं कोण आहे. बायका आधी चपापतात. त्यांना वाटतं दवाखाना जास्त पैसे लावणार. मग एतेमाद समजावते की तिकडून काही आलं, खजूर असो वा पावडर, तोंडात टाकायच्या आधी आम्हाला दाखवायचं. गेल्या महिन्यात अशा दोन बरण्या निघाल्या, आणि मधाची एक बाटली, तिच्यात काय होतं ते मधमाशीलाही सांगता आलं नसतं.

काल एक कफ्र अद-दव्वार गावची बाई होती, पाच मुलांची आई, तोंडाची मोठी फटकळ. एतेमादने विचारलं, "आखातात कोण आहे गं तुझं?"

"दोन भाऊ रियाधला, एक दीर दोह्याला, आणि दिराची सगळी भुतावळ. का? स्थळ बघतेस का?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि डॉक्टरबाई, तुमचं कोण आहे तिकडे?"

मी सुईत औषध भरत होते. म्हटलं, "माझी ताई आहे."

"मग पाठवते का काही?"

"पाठवते," मी म्हटलं, "पण आता आधी मला विचारून."

इनास